चाचींचं पान

डेंग्यूच्या तापामुळे माझ्या मालकांना शिरूरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी झाल्या आहेत, हिरड्यांतून रक्त येतंय का बघत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चूळ भरून आले. मागोमाग मी गेले, तर बेसिन लालभडक. मालकांचंच रक्त समजून मी नर्सला बोलवायला वळले. 

शेजारच्या खाटेवर राहू गावच्या एक चाची मुलाला घेऊन आल्या होत्या. त्यालाही तोच आजार. त्या मागून आल्या आणि माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अगं येडे, रगत न्हाई ते! माझं पान हाय." मग त्यांनी स्वतः बेसिन घासून धुतलं.

त्यानंतर त्यांनी पान खाल्लं नाही. मुलाच्या अंगावर लाल ठिपके शोधताना त्यांचा हात कमरेच्या पान-सुपारीच्या चंचीकडे जायचा आणि तसाच माघारी यायचा.

पाचव्या दिवशी मालकांच्या पेशी वाढल्या.  मी चाचींचा हात धरून त्यांच्या चंचीवर ठेवला.

त्या हसल्या. "आता माझ्या पोराच्या वाढू दे. मग दोघी मिळून खाऊ."

मी जन्मात कधी पान खाल्लेलं नव्हतं. तरी मान हलवली आणि त्यांच्या मुलाचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले.