शिक्क्याची बाजू

तुळशीबाय पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा मी तिला हाकललं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला मी फार चांगली बाई वाटायला नको.

दुकान अंबरनाथ पूर्वेला, कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बायंडिंग, शिवाय फॉर्म भरून मिळतील. दुपारी बाराला अख्खी कचेरी माझ्या काउंटरवर येते आणि प्रत्येकाला सगळ्यांच्या आधी हवं असतं. त्या गर्दीत ही काडीसारखी बाई, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक. शेवटच्या पिशवीतून तिने तळहाताएवढा पिवळट कागद काढला आणि म्हणाली, "याची झेराक." मी म्हटलं, "आत्ता नाही, नंतर ये." ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. दोन वाजता मी डबा उघडला तेव्हाही तिथेच. मग मलाच घास जाईना. कागद घेतला आणि वाचला.

ती दंडाची पावती होती. २००३ सालची. जनू नावाच्या माणसाने जंगलाच्या जमिनीत बेकायदा नाचणी लावली म्हणून वनखात्याने केलेला दंड. खाली डाव्या कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का, वर उजवीकडे तारीख. जनू तुळशीबायचा नवरा. तो जाऊन आठ वर्षं झाली होती.

आता ही पावती कशाला जपायची? तर मधल्या काळात कायदा आला. डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलाची जमीन कसतोय, त्याच्या नावावर ती करून द्यायची. फक्त तेव्हापासून कसतोय हे सिद्ध करायचं. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, तुळशीबायच्या ठाकूरवाडीत, असा कागद कुणाकडे असणार? ज्याला पकडलं होतं त्याच्याकडे. ज्या कागदाने जनूला चोर ठरवलं, तोच आता त्याच्या बायकोचा एकमेव लेखी पुरावा होता. सव्वा एकर उतार, नाचणी आणि वरी. तो नावावर झाला तर तुळशीबाय वाडीत राहणार. नाही झाला तर इथे अंबरनाथला, बुवापाड्यात लेकीच्या, चंद्रीच्या खोलीत, जिथे आधीच पाच माणसं पाय दुमडून झोपतात.

आम्ही बेलवलीचे आगरी. सासऱ्यांच्या भाताच्या खाचरांवर आज सात मजली इमारत आहे आणि तिच्यात आमचा एक फ्लॅट. जमिनीतलं मला एवढंच कळतं की ती गेली की परत येत नाही. म्हणून असेल, मी तुळशीबायचं काम करायला लागले. करायला लागले म्हणजे काय, तर तिला पायरीवर बसवायचं सोडून आत बाकावर बसवायला लागले.

तिचा दावा तीनदा दाखल झाला. पहिल्यांदा फाईलच सापडेना. दुसऱ्यांदा फाईल सापडली, पण आतले कागद सुटून कुठे गेले ते कुणाला माहीत नाही. तिसऱ्या वेळी साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं मागितलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे सहा वर्षं झाली. दरवेळी मी त्या पावतीची झेरॉक्स काढून दिली, दरवेळी ती कचेरीतच गडप झाली, आणि तिन्ही वेळा एक प्रत स्वतःकडे ठेवावी हे काही मला सुचलं नाही. रोज हजार कागद काढणारी बाई मी, कागदाची किंमत मला काय असणार!

त्याच सुमारास मी उल्हासनगरहून कागदाला भोकं पाडायचा एक नवा पंच आणला होता. तिथला आमचा होलसेलवाला सिंधी, दर खेपेला काहीतरी गळ्यात मारतो. "भाभी, नया आयटम है, देखो तो." फूटपट्टीसारखा चपटा, आणि एका कडेला खाचा. रिंगवाल्या फाईलच्या रिंगांमध्ये तो कागदासारखाच अडकून बसतो. हवा तेव्हा काढायचा, कागद सरकवायचा, दाबायचा, भोकं पाडायची आणि परत फाईलीत अडकवायचा. डझनभर आणले आणि एक खपला नाही. लोक म्हणायचे, हा कसला पंच, याला पोटच नाही. खरंच नाही. साध्या पंचमध्ये कागदाच्या टिकल्या आत पोटात साठतात. याच्या टिकल्या सरळ जमिनीवर.

तुळशीबायने तो खिळ्याला लटकलेला पाहिला आणि विचारलं. मी करून दाखवलं.

"म्हंजे ह्यो फायलीतच ऱ्हातो?"

"फाईलीतच."

"आन कागद मंग सुटायचा नाय?"

"रिंग उघडल्याशिवाय नाही."

ती कितीतरी वेळ रिंग उघडत-मिटत बसली. दुसऱ्या दिवशी शेवळांची, त्या रानभाजीची, एवढी मोठी जुडी घेऊन आली आणि फाईल-पंच घेऊन गेली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून तुळशीबायने सुटा कागद कुणाच्या हातात दिला नाही आणि, एक ती पावती सोडली तर, स्वतःही ठेवला नाही. कारकुनाने पोच लिहून दिली की त्याच काउंटरवर पंच काढायची, खट्ट करून भोकं, कागद फाईलीत. आधी कारकून हसायचे. मग त्यांचे पंच अडकले की हिच्याकडे मागायला लागले. पण ही काही फाईल हातची सोडायची नाही. "कागद हिकडं द्या, मी पाडते." वाडीतले लोकही तिच्याकडे कागद घेऊन यायला लागले. स्वतःची धरून बारा घरांच्या फाईली तिने लावल्या, तेही एक अक्षर वाचता येत नसताना.

अक्षर येत नव्हतं, पण शिक्के सगळे ओळखायची. गोल म्हणजे जंगलाचा, चौकोनी म्हणजे तलाठ्याचा, मधे सिंह असला तर मोठ्या साहेबाचा. "शिक्का कागदाचा जीव असतो, बाय," मला म्हणायची. तिचं काय चुकलं? सहा वर्षं प्रत्येक खिडकीवर तिला एकच प्रश्न विचारला होता, शिक्का कुठाय?

शेवटी सुनावणीची तारीख आली. मूळ कागद घेऊन हजर राहा, असं पत्र. सुनावणी दुपारी तीनला, वरच्या कचेरीत, दावे तपासणाऱ्या समितीपुढे. तुळशीबाय सकाळीच दुकानात आली. पावती अजून त्या पिशवीतल्या पिशवीतच होती. मी म्हटलं, "सगळं फाईलीत लावलंस आणि नेमकी हीच सुटी? तिथे टेबलावरून उडाली तर? लाव आत." हे वाक्य माझं. दहावीच्या पोरांची प्रोजेक्टं आली होती, स्पायरल मारत होते, आणि मान वर न करता मी हे बोलले.

तिने लावली. शिक्क्याला धक्का लागू नये म्हणून पावती उलटी फिरवली आणि शिक्क्याच्या समोरच्या बाजूने पंचात घातली. त्या बाजूला तारीख होती.

अकरा वाजता सहज फाईल चाळली तेव्हा मला दिसलं. सालातला शेवटचा आकडा गेला होता. दोन, शून्य, शून्य आणि एक स्वच्छ गोल भोक. ते २००३ असेल, २००८ही असेल. आणि सगळा दावा उभा होता तो पाचच्या अलीकडे की पलीकडे यावर.

मी तिच्यावर ओरडले. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. तिला आधी कळेचना. "शिक्का हाय की," ती म्हणाली आणि बोट ठेवून दाखवलं. समजावून सांगितलं तशी तिच्या तोंडावरची सगळी हालचाल थांबली. ती रडली नाही. सरळ खाली बसली आणि फरशीवर हात फिरवायला लागली.

माझ्या दुकानातली फरशी म्हणजे काय सांगू! सकाळपासून चाळीस प्रोजेक्टं बांधलेली, स्पायरलच्या मशीनच्या टिकल्यांचा सडा पडलेला. मी शटर अर्धं ओढलं. दोघी गुडघ्यावर. पिवळट टिकली शोधायची, तिच्यावर निळ्या कार्बनचा आकडा. केरसुणीने गोळा करून, मूठमूठ पांढऱ्या कागदावर पसरून पाहिल्या. एक वाजत आला. आणि काखेत कळसा गावाला वळसा, टिकली तुळशीबायच्याच निऱ्यांत अडकलेली. "ह्योच का? ह्योच का, बाय?" तोच होता. तीन. इतका आनंद मला माझ्या पोरीच्या निकालालाही झाला नव्हता.

मग मी ती टिकली चिमट्याने त्या भोकात बसवली आणि दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावला. बारीक काम करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. लांबून कळत नव्हतं. तुळशीबायने माझे हात स्वतःच्या कपाळाला लावले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, पण तेव्हा मला शहाणपणा वाटला होता. भोक तसंच ठेवलं असतं आणि टिकली पाकिटात वेगळी दिली असती, तर झाली ती चूक आहे एवढं तरी कुणाला दिसलं असतं.

तीनला मी बरोबर गेले. समितीत चौघं होते. मधल्या साहेबांनी फाईल शांतपणे पाहिली, वाडीतल्या म्हाताऱ्यांचे जबाब वाचले, मान डोलावली. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. मग पावतीवरून अंगठा फिरवला, थांबला, आणि ती खिडकीच्या उजेडात धरली.

"सालावर हे काय चिकटवलंय?"



"आजी, नेमक्या तारखेतच तुकडा चिकटवलेला आहे. दुसऱ्या कागदाचा आकडा आणून लावला नाही कशावरून? सरकारी कागदात फेरफार म्हणजे गुन्हा असतो, केस होते. कुणी केलं हे?"

मी तिथे होते. तीन फुटांवर, हातात पर्स घेऊन. माझ्या डोक्यात काय काय आलं: दुकान, फॉर्म भरायचा माझा परवाना, पोलीस, लोक काय म्हणतील. ती टिकली आम्हाला कशी सापडली हे चार वाक्यांत सांगता आलं असतं. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

तुळशीबायने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्या चिकटवला," ती म्हणाली. "मना वाचाया येत नाय. म्याच."

ते लिहून घेतलं आणि खाली तिचा अंगठा घेतला. वय बघून केस करत नाही, असं साहेब म्हणाले, पण कागद धरता येणार नाही, आणि फेरफार कबूल केल्यावर नुसत्या जबाबांवरही दावा मंजूर करता येणार नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुळशीबाय, मी आत जाऊन सांगते." ती म्हणाली, "राहू दे. तुझं दुकान हाय." आणि मी राहू दिलं. हे मला अजून गिळता येत नाही. पुढे अपील मी फुकट लिहून दिलं, चांगलं चार पानी, त्यातही टेप कुणी लावला ते लिहिलं नाही. उत्तर आलं की अर्जदाराने स्वतः अंगठा देऊन कबूल केलं आहे.

बाकीच्या अकरा घरांच्या फाईली मंजूर झाल्या. त्यांचे दाखले आले तेव्हा लोक ते घेऊन तिच्याच दारात गेले, लावून दे म्हणून. तिने लावून दिले. हे मला चंद्रीने सांगितलं, बुवापाड्याहून रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आली होती तेव्हा. मी विचारलं, "आई काय करते?" ती म्हणाली, "काम आहे तोवर वाडीतच आहे. कामाला जाते, झाडं लावायच्या." आणि झेरॉक्स घेऊन निघाली.

मी रविवारी वाडीवर गेले. कशासाठी गेले ते नीट सांगता येणार नाही. माफी मागायला म्हणू, पण माझ्यासारख्या बायका माफी मागायला जातात आणि चहा पिऊन येतात. वाडीतून कुणीतरी उताराकडे बोट दाखवलं. सव्वा एकराला काटेरी तार लागली होती. आत वनखात्याच्या रोपांसाठी खड्डे खणायचं काम चाललं होतं, आठ-दहा बाया रोजावर. नाचणीच्या जुन्या ओळी अजून ओळखू येत होत्या. त्या ओळींमधून तुळशीबाय कुदळ घेऊन खणत होती, सगळ्यांत पुढे, इतरांपेक्षा भराभर.

मी तारेपाशी उभी राहिले. ती आली, पदराने तोंड पुसलं, मला बघून हसलीसुद्धा.

"तुळशीबाय," मी म्हटलं, "तुझ्याच जमिनीत? दुसरीकडे नाही का काम?"

"हाय की," ती म्हणाली. "पर दुसरी आली तर तिला काय ठाव, दगड कुठं कुठं हाईत? उगा कुदळी मोडतील."

मुकादमाने हाक मारली आणि ती खणायला परत गेली.