गाडीच्या मागं गेलेली चंद्री

खाकी उतरवून काही वर्षं झाली. खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. एक म्हैसचोरी मात्र डोक्यातून जात नाही. हसू नका. माणसांची नावं सांगणार नाही, म्हशीचं तेवढं सांगतो. चंद्री.

आमच्या ठाण्याची हद्द कोल्हापुरात कसबा बावड्याच्या पुढं, शहर संपायचं तिथं सुरू व्हायची. मी तिथं फौजदार असताना दोन्ही अंगाला ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर. भांडणं व्हायची ती बांधावरून आणि पाण्याच्या पाळीवरून. पुढं इन्स्पेक्टर म्हणून परत आलो, तर उसाच्या जागी अपार्टमेंट. तक्रारी पार्किंगच्या आणि शेणाच्या वासाच्या. जुने लोक नव्यांना 'फ्लॅटवाले' म्हणायचे, नवे जुन्यांना 'गाववाले'. रस्ता एकच, पण एकमेकांच्या घरी चहाला कुणी जायचं नाही.

दोन इमारतींच्या मधे एका म्हाताऱ्याचा गोठा तेवढा उरला होता. त्यांना सगळे आबा म्हणत. बायको वारलेली, एकुलता मुलगा कारखान्यात नोकरीला. म्हशी एकेक करून कमी झाल्या आणि शेवटी चंद्री राहिली. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरांचा पट्टा, आणि म्हैस मालकाच्या मोटरसायकलमागं सुसाट. त्यात चंद्रीनं नाव काढलेलं.

एका पौर्णिमेला आबा नृसिंहवाडीला दर्शनाला गेले. परत आले तर दावण रिकामी. तसेच ठाण्यात आले.

"सायेब, फ्लॅटवाल्यांनीच न्हेली बघा. वास येतोय म्हणून लई दिस डोळा हुता त्यांचा."

त्यांच्या मागं निम्मी गल्ली दारात उभी. ठिणगी पडायचा अवकाश होता. गुन्हा दाखल केला आणि जमावाला दम देऊन घरी पिटाळलं. पंचनाम्यात एक गोष्ट खटकली. दावं कापलेलं नव्हतं, नीट सोडून खुंटीला अडकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. शेजारच्या इमारतीतल्या एक बाई. वासाबद्दल महानगरपालिकेपासून आमच्यापर्यंत सगळीकडे अर्ज करणाऱ्या याच.

"साहेब, आमच्यावर संशय घेतायत म्हणे. मी दुपारी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. म्हैस कुणी ओढून नेली नाही हो. हेल्मेट घातलेला एक माणूस गाडीवरून चालला होता, आणि ती आपली त्याच्या मागं पळत होती."

बाई परगावच्या. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. मी जन्मानं कोल्हापूरचा, मी हातातलं पेन खाली ठेवलं. पाडव्याची म्हैस परक्याच्या गाडीमागं जात नाही. ती घरच्याच गाडीचा आवाज ओळखते.

आबांच्या मुलाला बोलावलं आणि समोर चहा ठेवला. खोटं बोलायचं ठरवून आलेला माणूस चहाला हात लावत नाही, हा माझा अनुभव. याचाही चहा गार झाला.

"पाडव्याला चंद्रीपुढं गाडी कोण चालवतं रे?"

"मीच की."

"मग पौर्णिमेला कोण चालवत होतं?"

गडी एकदम ढसाढसा रडायला लागला.

"सायेब, लग्नाची बोलणी हुत्यात, आन् पावणं गोठा बघून उठत्यात. पोरी म्हणत्यात, शेण काढायचं जमणार न्हाय. चाळिशी आली माझी. आबास्नी म्हटलं, म्हस इका. तर म्हणले, आदी मला ईक." मग नाक पुसत म्हणाला, "हायवेपतोर माझ्या मागनं आली सायेब. टेंपोत चढवली तरी माझ्याकडंच बघत हुती."

म्हैस सीमाभागातल्या एका गोठ्यावर विकलेली होती. कानातला नंबराचा बिल्ला काढून टाकलेला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. फिर्यादीनं मुद्देमाल ओळखला तरच गुन्हा शाबीत होणार. म्हणजे सगळं आबांच्या एका शब्दावर.

ओळख पटवायला नेताना जीपमध्ये मी त्यांना खरं ते सांगितलं. "आबा, तुमच्याच मुलानं नेली. तुम्ही ओळखलीत की मला त्याला अटक करावी लागेल. नोकरीही जाईल त्याची."

आबांनी विचारलं, "कशापायी केलं म्हणला?"

लग्नाचं सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बाहेर बघत बसले.

गोठ्यावर पंच उभे होते. आबांनी हाक मारली नाही, नुसते दारात उभे राहिले. चंद्रीनं मान वर केली, हुंकारली, आणि दाव्याला असा हिसडा दिला की खुंटा उपटून आला. थेट येऊन तिनं आबांच्या छातीला तोंड लावलं. आबांचा हात आपसूक तिच्या कपाळावर गेला. मग त्यांनी तो मागं घेतला.

"न्हाय सायेब. ही माझी न्हाय."

एका पंचाला राहवलं नाही. "अवो आबा, चाटतीया की तुमास्नी!"

"म्हस हाय. कुणालाबी चाटती."

आबा वळले आणि जीपमध्ये जाऊन बसले. चंद्री ओरडत होती. माझ्या हाताखालचा दांडगा हवालदार तोंड फिरवून उभा राहिला.

तपास 'अ समरी'त मिटला. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळून आला नाही. नोकरीत अशा कितीतरी समऱ्या लिहिल्या. एवढी जड एकही गेली नाही.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. चोर शोधणं आमचं काम, ते जमतं. पण ज्याचं गेलं त्यालाच 'माझं' म्हणायची सोय उरली नाही, तर कायद्याचे हात तिथंच थांबतात. ही नवी उपनगरं उभी राहताना किती जणांनी असं गुमान 'माझं न्हाय' म्हटलं असेल, कोण जाणे.

मुलाचं लग्न झालं. सून गुणाची आहे, आबांना सांभाळते. गोठ्याच्या जागी इमारत आली. योगायोग म्हणा, आता मीही त्याच रस्त्यावर फ्लॅट घेऊन राहतो, म्हणजे फ्लॅटवाला झालो. संध्याकाळी आबांशेजारी बाकावर बसतो. चंद्रीचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही.

कधी एखादी मोटरसायकल फाडफाड आवाज करत जाते. बाकावरचे आम्ही सगळे शिव्या घालत गाडीकडे बघतो. आबा गाडीच्या मागं बघतात.