मल्च आणि अनसूयेचा झाडू

चिंतामणी तोफगाड्यांच्या कारखान्यात लेथ चालवायचा. लढाईची वर्षं होती. भोंगा वाजला की तो उजाडायच्या आत निघे, ते दिवस कलताना परते. कांचघर वस्तीतल्या त्याच्या अंगणात, अर्धा तास येणाऱ्या नळाच्या पाण्यावर, वांग्याची वीस रोपं उभी होती. बी त्याच्या आईनं वर्ध्याकडून आणलेलं. आई गेली, आणि उरलेलं सगळं बी त्यानं यंदा पेरलं. रोपं वाळली की ते वाणच संपणार होतं.

भाजी पिकवा म्हणून कारखान्यानं इंग्रजी पत्रक वाटलं. त्यात उन्हावर एकच उपाय होता, मल्च. अक्षरं लागली, अर्थ लागेना. तो दीक्षितपुऱ्यात अच्युत मास्तरांकडे गेला. मास्तरांनी जाडजूड कोश उघडला.

"याच्या मुळाशी मऊ, नरम असा जुना शब्द आहे. पुढे अर्धवट कुजलेल्या ओल्या गवताला म्हणू लागले. त्याच्याही पुढे..."

"मास्तर, रोपं माना टाकून राहिली अन् तुम्ही शब्दाचं खानदान सांगून राहिले."

"झाडांच्या बुडाशी पाला पसर," मास्तर म्हणाले. "ओल उडत नाही."

चिंतामणीनं कडुनिंबाचा पाला गोळा करून वाफा झाकला. दुसऱ्या दिवशी परतला तर वाफा लख्ख झाडलेला. पुन्हा झाकला, पुन्हा लख्ख. तिसऱ्या दिवशी तो बायकोवर वैतागला.

"काहून झाडलंस?"

"सड्याच्या आधी अंगणात पान ठेवत असते का कोणी? चैत्रगौरीला बाया येतील." अनसूया म्हणाली.

"तो कचरा नाही. मल्च आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मऊ. जुन्या इंग्रजीत..."

"अच्छा. कुजका पाला इंग्रजीत मऊ होते."

चौथ्या दिवशी नऊच रोपं उरली. चिंतामणीनं तिचा हात धरून उघड्या मातीवर टेकवला. माती तव्यासारखी तापलेली. मग भिंतीलगत वाऱ्यानं साचलेल्या पाचोळ्याखाली टेकवला. तिथं गार, ओलसर.

ती बराच वेळ हात तिथंच ठेवून बसली.

"हे सांगाले चार दिवस लागले तुम्हाले? नुसतं मऊ मऊ करून राहिले."

गौरीच्या हळदीकुंकवाला अंगण आरशासारखं होतं. फक्त वाफ्यावर वीतभर पाला.

"अनसूयाबाई, तेवढा कचरा राहिला बरं," शेजारची कुंदा म्हणाली.

"राहू द्या," अनसूया तिला कुंकू लावत म्हणाली. "सासूबाईंच्या वांग्याचं बी धरायचं आहे."