तक्तेवाले आणि अकरा मशीनं

माझा थोरला भाऊ पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासतो. तिथे एक नियम आहे: तीन वेळा मोजल्याशिवाय नमुना पास करायचा नाही. पाण्यासाठी हा नियम उत्तम आहे. आमच्याकडे पाण्यामुळे सहसा कोणी आजारी पडत नाही, आणि त्याचं थोडं श्रेय दादाला द्यायला माझी ना नाही. पण हा नियम तो रोज संध्याकाळी डब्याबरोबर घरी घेऊन येतो, आणि तिथे घोडं अडतं.

यंत्रांचा नाद त्याला लहानपणापासूनचा. नवव्या वर्षी त्याने वडिलांचा रेडिओ उघडून सगळे भाग पलंगावर मांडले आणि संध्याकाळपर्यंत परत जोडले. रेडिओ पूर्वीपेक्षा स्पष्ट वाजायला लागला, हे आमच्या घराचं दुर्दैव. त्या दिवशी तो बिघडला असता तर वडिलांनी दोन धपाटे घातले असते आणि पोरगा मार्गाला लागला असता. त्याऐवजी वडिलांनी आल्यागेल्याला ते कौतुक सांगितलं, आणि त्याचे भोग आम्ही अजून भोगतो आहोत.

आज त्याच्या कपाटात एकेचाळीस चार्जर आहेत. प्रत्येकाच्या वायरीला चिठ्ठी बांधलेली. त्यातले जेमतेम सहा कशाला तरी लागतात. बाकीच्यांच्या मूळ वस्तू केव्हाच भंगारात गेल्या, पण चार्जर चांगला आहे म्हणून तो राहिला. माहितीपुस्तिकांची वेगळी पेटी आहे. लोक झोप येईना की कादंबरी वाचतात, दादा मिक्सरची पुस्तिका वाचतो, आणि तीही शेवटच्या पानावरच्या सूचनांसकट.

घरात कुठलीही वस्तू यायची तर आधी तिचा तक्ता होतो. टीव्ही घ्यायचा ठरला तेव्हा चौदा टीव्हींचा झाला. रंग, आवाज, वजन, वीज किती खातो, रिमोटची बटणं अंधारात चाचपता येतात का. तक्ता पुरा व्हायला आठ महिने लागले, आणि त्यात पहिला आलेला टीव्ही कंपनीने तोवर बंद केला होता. मग दुसरा तक्ता. कोपऱ्यावरच्या दुकानातला विक्रेता दादाला लांबून येताना बघितलं की मागच्या गोदामात काहीतरी मोजायला निघून जायचा. आमच्या इमारतीत दादाला नावाने कोणी ओळखत नाही. तक्तेवाले कुठे राहतात विचारा, लिफ्टमधलं कोणीही दुसरा मजला सांगेल. मी त्यांच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर राहते, त्यामुळे मला विचारायचीही गरज पडत नाही, सगळं ऐकू येतं.

वहिनीने एकदाच या राज्यात ढवळाढवळ केली होती. जुनी इस्त्री जळली म्हणून येता येता नवी घेऊन आली.  दादाने प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणलं, इस्त्रीचं तापमान तीन वेळा मोजलं, आणि निकालाचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. आठ अंशांची चूक. तो कागद तिथे वर्षभर होता, येणाराजाणारा वाचायचा. तेव्हापासून वहिनीने कानाला खडा लावला. भांडायचा तिचा स्वभाव नाही, तो सगळा माझ्या वाट्याला आलाय.

गेल्या वर्षी त्याला ब्लॉगची हुक्की आली. इतकं ज्ञान एका घरात सडतंय, ते लोकांपर्यंत जायला हवं, असं त्याचं म्हणणं. ब्लॉगचं नाव ठेवलं 'तपासूनच घ्या'. पहिला लेख 'मी कोण?' हा होता आणि त्यात रेडिओ पलंगावरून उचलेपर्यंतच सात पानं झाली होती. रोज संध्याकाळी तो वाचकांचा आकडा बघायचा. पहिल्या आठवड्यात एकोणीस आला, तेव्हा त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. मी हिशेब करून दाखवला: हाताखालचे दोन सहायक, एक मी, आणि उरलेले सोळा तू स्वतः, वेगवेगळ्या यंत्रांवरून ब्लॉग कसा दिसतो ते तपासताना. तो म्हणाला, सुरुवात अशीच होते.

आणि मग वॉशिंग मशीन बंद पडलं. चादरी पोटात घेऊन, पाण्याने भरलेलं, मधेच. मेकॅनिक बोलवू या, असं वहिनी म्हणाली. दादाला तो अपमान वाटला. त्याने मशीन स्वतः उघडलं, भाग गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडले, प्रत्येकाखाली चिठ्ठी ठेवली. तीन आठवड्यांनी अखेर मेकॅनिक आला, तेव्हा त्याने कंबरेवर हात ठेवून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. हे आता मशीन राहिलं नाही, प्रदर्शन झालंय, एवढं सांगून तो गेला.

नवीन घ्यायचं ठरलं. म्हणजे तक्ता. अकरा मशीनं, सव्वीस रकाने, आणि या वेळी ब्लॉगवर लेखमाला. दादा मन लावून लिहीत होता. ड्रमच्या भोकांवर एक अख्खा लेख, पाण्याच्या जडपणावर दोन, कारण तो त्याचा खास विषय. इतका कीस पाडला की मला कपडे या गोष्टीचाच वीट आला.

लेखमाला चालू असताना वहिनी हाताने धूत होती. चादरी, टॉवेल, दादाचे प्रयोगशाळेतले जाड कोट. वहिनी पडदे शिवते. ऑफिसांचे, दवाखान्यांचे, मोठमोठे. आमच्या भागात तिच्याइतकी सरळ शिवण कोणाची नाही. तिसऱ्या लेखाच्या सुमारास तिचं उजवं मनगट सुजलं. पाचव्या लेखापर्यंत तिला कात्री धरवेना. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली आणि बजावलं: पिळणं आजपासून बंद. नाही ऐकलं तर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर शिवण जमेल याची खात्री मी देत नाही. वहिनीने हे दादाला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. तो म्हणाला, म्हणूनच घाई करून चुकीचं मशीन घ्यायचं नाही. कपडे लाँड्रीत द्यायलाही तो तयार होईना, तिथल्या पाण्याची त्याला खात्री नव्हती. मी दोनदा कपडे माझ्याकडे नेऊन धुतले, पण माझी शाळेची नोकरी, मला रोज जमेना. पट्टी बांधून वहिनी परत पिळायला लागली.

शेवटी एका दुपारी ती वर माझ्याकडे आली. टेबलावर अर्धा शिवलेला पडदा टाकून आली होती, टाका वाकडा गेला म्हणून. दोन मिनिटं बसली आणि म्हणाली, "तुझ्या दादाला पत्र लिहायचंय. घरच्यांचं तो ऐकत नाही, वाचकांचं ऐकतो."

तिने सांगितलं आणि मी टाइप केलं. 'एक वाचक' या नावाने, नवव्या लेखाखाली प्रतिक्रिया. मी पडदे शिवते, सात आठवडे मशीन नाही, मनगट गेलंय, पिळायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. यजमान अभ्यासू आहेत, त्यांचा अभ्यास अजून चालू आहे. आपण काय सल्ला द्याल? एक शब्द खोटा नव्हता. मला वाटलं, पहिल्याच ओळीत ओळखेल आणि तोंडघशी पडू. पण दादाने उभ्या जन्मात पहिल्यांदा अनोळखी वाचक पाहिला होता, त्याला दुसरं काही दिसलंच नाही. वीस मिनिटांत उत्तर आलं. ना तक्ता, ना रकाना. मला ते आजही पाठ आहे.

'ताई, तुम्ही हे लेख वाचत बसू नका. या अकरा मशीनांमध्ये रोजच्या धुण्यात जाणवेल असा फरक नाही. घराजवळच्या दुकानात जे असेल, ज्याचा मेकॅनिक हाकेला येतो, ते घ्या आणि आजच घ्या. यजमानांसाठी थांबू नका. मशीनचे सुटे भाग मिळतात, हाताचे मिळत नाहीत.'

मी वहिनीला वाचून दाखवलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, किती छान लिहितो ना, आणि पदराने डोळे पुसले. मला दादाचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. दादा रंगात होता. ती प्रतिक्रिया त्याने आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली, स्वतःचं उत्तर दोनदा वाचलं. मग गंभीर झाला. "बिचारी. सात आठवडे! त्या घरातल्या माणसांना डोळे नाहीत का?" असं म्हणून त्याने लोणच्याची बरणी वहिनीपुढे सरकवली, झाकण घट्ट बसलंय, जरा उघड म्हणाला. मी हात लांब करून बरणी उघडली आणि त्याच्यासमोर आपटली. त्याने वर बघितलं नाही, दुसऱ्यांदा आकडा बघत होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दादाला अर्धा दिवस काम. तो गेल्यावर मी प्रतिक्रियेची आणि उत्तराची प्रत काढली, ती वहिनीच्या हातात दिली आणि आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. मशीन घ्यायला दहा मिनिटं लागली. त्यातली पाच, साहेब येणार नाहीत ना, हे विक्रेत्याने पुन्हा पुन्हा विचारण्यात गेली. दोन माणसांनी ते वर आणलं, नळ जोडला, आणि बारा वाजता पहिल्या चादरी आत फिरत होत्या. वहिनी समोर स्टूल घेऊन बसली होती, हात मांडीवर ठेवून.

एक वाजता दादा आला. आवाज ऐकून सरळ न्हाणीघराकडे गेला. आधी मशीनच्या मागे वाकून क्रमांक वाचला. तक्त्यात हे चौथं आहे, म्हणाला. आवाजात तर सातवं. हे ठरवलं कोणी?

वहिनीने कागद पुढे केला. डाव्या हाताने. "तज्ज्ञांचा सल्ला घेतला," ती म्हणाली.

त्याने तिथेच उभ्या उभ्या वाचलं. वरची प्रतिक्रिया, खालचं उत्तर. मग परत वरपासून. मी तोंड उघडणार होते, बोलायला माझ्याकडे सात आठवड्यांचं साठलेलं होतं, पण वहिनीने नजरेने मला गप्प केलं. दादाने तिसऱ्यांदा वाचलं, हळू, बोट ओळीखाली फिरवत, नमुना तपासतो तसं. मशीनने पाणी सोडलं, कपडे पिळायला लागलं. त्याने कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि वहिनीसमोर खाली बसला.

"कोणता हात?" त्याने विचारलं.

"पट्टी आहे तो," वहिनी म्हणाली.