तक्त्यातली सातवी ओळ

बेरिल हिंडलला कशाची म्हणून किळस येत नसे. सत्तावीस वर्षं तिने मुलींची शिबिरं काढली. पोरींच्या ओकाऱ्या काढल्या, कानामागचे गोचीड उपटले, तुंबलेल्या मोरीत कोपरापर्यंत हात घातला आणि तेच हात साबणाने खसाखसा धुऊन सगळ्यांना लापशी वाढली. नवरा ॲलन म्हणायचा, "देवाने हिच्या नाकाला भोकं पाडली, पण आत काही बसवायचं राहून गेलं." ती म्हणायची, "बसवलं असतं तर तुझ्याशी लग्न केलं असतं का?"

क्लेगडेन हे लँकेशरच्या डोंगरातलं एक छोटं गाव. बेरिलने शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढण्यात उमर घालवली, आणि दर गुरुवारी संध्याकाळी चॅपलच्या हॉलमध्ये कंदील पथक चालवलं. पथकात आठ ते बारा वर्षांच्या मुली. गाठी मारायच्या, गाणी म्हणायची, बिस्किटं खायची आणि वर्षातून एकदा तंबूत राहायला जायचं. हॉलचं कुलूप काढण्याआधी बेरिल चॅपलच्या शेवटच्या बाकावर पाच मिनिटं टेकायची. प्रार्थना साधीच असायची. "देवा, आज कुणाचं बोट कापू देऊ नकोस. कापलंच तर मला गांगरू देऊ नकोस."

टॅम्सिन एन्टविसल पथकात आली तेव्हा आठ वर्षांची होती. तिची आई जोअ‍ॅन बेरिलला हॉलच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "हिचा जन्म मुलगा म्हणून झाला. दोन वर्षं झाली, घरी, शाळेत, सगळीकडे ती मुलगी म्हणूनच राहते. तुम्हाला सांगून ठेवते, बाकी कुणाला कळायला नको."

बेरिलला त्यातलं फारसं कळलं नाही, आणि कळल्याचं सोंगही तिने आणलं नाही. तिने विचारलं, "शेंगदाणे चालतात ना तिला?"

"चालतात."

"मग गुरुवारी साडेसहाला."

तेव्हा कंदील पथकांच्या मुख्य कार्यालयाचा नियमही तोच होता. जी मुलगी म्हणून राहते तिला यायची मुभा, आणि तिची खाजगी गोष्ट चारचौघांत काढायची नाही. अशी तीन वर्षं गेली. टॅम्सिनची गाठ कधी सुटली नाही आणि सूर कधी लागला नाही. वाद घालण्यात ती एक नंबर होती. बाकीच्यांसारखीच एक पोर.

मग मोठ्या कोर्टाचा निकाल आला, की कायद्यात बाई म्हणजे जन्माने बाई, आणि मुख्य कार्यालयातून चार पानी पत्र आलं. जन्माने मुलगी नाही तिला यापुढे नव्याने घ्यायचं नाही. जी आधीपासून आहे तिच्याबाबत मात्र 'स्थानिक पातळीवर संवेदनशीलतेने योग्य तो विचार व्हावा.' बेरिलने हे वाक्य ॲलनला दोनदा वाचून दाखवलं.

"म्हणजे काय करायचं?" तो म्हणाला.

"म्हणजे त्यांनी हात झटकले. चांगलं झालं तर त्यांचं, वाईट झालं तर आमचं."

मे महिन्यातलं शिबिर तोंडावर आलं होतं. टॅम्सिनचं हे पहिलंच. आधीच्या दोन वर्षी ऐन वेळी ताप आला होता. या वेळी तिने जुन्या घोंगडीला स्वतः काठ शिवला होता आणि दर गुरुवारी त्यावर एक नवा बिल्ला टाचून दाखवायला आणत होती. बेरिलने जोअ‍ॅनशी बोलून झोपायची सोय केव्हाच ठरवून टाकली होती. टॅम्सिनला छोटा वेगळा तंबू. शेजारी आणखी दोन मुलींचे तसेच छोटे तंबू, एक झोपेत चालणारी आणि एक घोरणारी. कुणाला काही विचारायचं कारणच नाही.

पॉलीन नावाच्या एका आईने मात्र विचारलं. ती बेरिलला बेकरीत गाठून हळूच म्हणाली, "बेरिल, राग मानू नकोस. ते नवं पत्र आलंय म्हणून विचारते. आमच्या मेगच्या तंबूत कोण आहे?" बेरिलला राग आला नाही. आईने विचारू नये तर कोणी विचारावं? तिने मेगच्या तंबूतल्या तिघींची नावं सांगितली, कपडे बदलायला आणि अंघोळीला प्रत्येकीला स्वतंत्र आडोसा आहे हे सांगितलं. पॉलीन "बरं झालं बाई" म्हणाली आणि पाव घेऊन गेली. इतकंच असतं ते. विचारावं, ऐकावं, पाव घेऊन घरी जावं.

पण पथकात फिलिपा क्रॉसडेलही होती. बेरिलची मदतनीस, वय पस्तीस, कागदांची भारी हौस. शिबिराआधी धोक्यांचा तक्ता करावा लागतो. धोका काय, इजा कुणाला, धोका किती, उपाय कोणता. हे काम फिलिपाचं. दरवर्षी तेच लिहायचं, दोरांना पाय अडकणं, ओढा, खाजकुइली. तक्ता झाला की बेरिल खाली सही करायची आणि तो सामानाच्या यादीसोबत सगळ्या घरी जायचा. आईबापांना दिसावं की पथक किती काळजी घेतं. यंदाही बेरिलने सही केली. ओव्हनमध्ये केक होता, फिलिपा दारात उभी होती. बेरिलने मागचं पान उलटलंही नाही.

मंगळवारी सकाळी जोअ‍ॅनचा फोन आला. "सातवी ओळ," एवढंच ती म्हणत होती. "बेरिल, सातवी ओळ वाचा."

बेरिलने चष्मा लावला. सहावी ओळ गॅसच्या टाकीची होती. धोका 'कमी'. सातवी अशी होती. धोका: टॅम्सिन ई., जन्माने मुलगा. इजा कुणाला: इतर मुली. धोका किती: मध्यम. उपाय: वेगळा तंबू, शौचालयापाशी एक मोठी बाई उभी करणे.

टॅम्सिनचं घर सोडून आणखी सोळा घरी गेला होता तो कागद.

बेरिलला किळस आली. सत्तावीस वर्षांत मोरीने, गोचिडाने, ओकारीने जे केलं नाही ते त्या चार रकान्यांनी केलं. ती सिंकपाशी जाऊन उभी राहिली. ॲलनने कागद वाचला. तो म्हणाला, "गॅस फुटला तर डोंगर जाईल. आणि पोर मध्यम?"

फिलिपा आली ती तावातावाने. "पत्रात लिहिलंय ना, योग्य तो विचार व्हावा! विचार केला तर तो कुठेतरी नोंदवायला नको? दुसरा रकानाच नव्हता, बेरिल."

"रकाना नव्हता म्हणून पोर धोक्यात घातलीस? धोका म्हणून घातलीस?"

"मी तंबू वेगळा लिहिला! तिच्या भल्यासाठीच ना? आणि सही तुझी आहे."

बेरिलला फिलिपाची किळस आली. मग त्या कागदाखालच्या आपल्या ठसठशीत सहीची आली, आणि ती किळस जास्त टिकली.

गुरुवारपर्यंत गावाने कागद चघळून चोथा केला होता. केस कापायच्या दुकानात तोच, मासे-बटाट्याच्या दुकानात तोच. ज्यांनी जन्मात पथकाची एक कढई घासली नव्हती, त्यांना अचानक मुलींच्या सुरक्षिततेचा पान्हा फुटला. संध्याकाळी हॉलच्या फाटकापाशी डकवर्थ नावाचा एक बाप फोन धरून उभा राहिला. टॅम्सिन गाडीतून उतरली, तसा त्याने तिचा फोटो काढला. बेरिल धावतच गेली.

"ती अकरा वर्षांची आहे, डकवर्थ. तू काय करतोयस?"

"रस्ता सरकारचा आहे. माझ्या पोरीच्या सुरक्षेसाठी करतोय."

"दुसऱ्याच्या पोरीचे चोरून फोटो काढणाऱ्यापासूनच तर आम्ही मुलींना जपतो, मेल्या!"

तो हसला. त्याच्या दातांत वालाचं साल अडकलं होतं. पुढे कित्येक दिवस बेरिलला जेवताना ते साल आठवायचं आणि घास फिरायचा. जोअ‍ॅनने गाडी तशीच वळवून घरी नेली.

शनिवारी बेरिल एन्टविसलांच्या घरी गेली. रिकाम्या हाताने गेली, केक नेला नाही. काही गोष्टींवर केक नेणं म्हणजे अपमान असतो, हे तिला कळत होतं. टॅम्सिन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती.

"ती सही माझी आहे," बेरिल म्हणाली. "मी वाचलं नव्हतं. चूक माझी."

"न वाचता सही केलीत?" टॅम्सिन म्हणाली. "आम्हाला तर तुम्ही पाकिटावरची कृती दोनदा वाचायला लावता."

"हो."

"मग?"

"मग काही नाही, बाळा. मी चुकले."

टॅम्सिनने विचारलं, "फिलिपाबाईंना मी खरंच धोक्याची वाटते का?"

जोअ‍ॅनने पाठ फिरवून नळ सोडला. बेरिल म्हणाली, "फिलिपाला कोरा रकाना दिसला की तो भरावासा वाटतो. तुझ्यासोबत तिने तीन वर्षं बिस्किटं खाल्लीत. ती तुला घाबरत नाही. त्याचीच मला जास्त चीड येते." मग तिने विचारलं, "शिबिराला येशील?"

"यायचंय," टॅम्सिन म्हणाली. "घोंगडी पण झालीय."

एवढा एक शब्द घेऊन बेरिल सोमवारी जिल्ह्याच्या प्रमुख व्हेरिटी लोमॅक्स यांच्यासमोर जाऊन बसली. व्हेरिटीबाई मऊ आवाजाच्या. त्यांच्या बोलण्यात कुठे हाड म्हणून लागत नसे.

"बेरिल, हे बघ, कुणालाही दुखवायचं नाहीये. आपण सगळ्या पालकांकडून एक संमतीपत्र घेऊ. टॅम्सिनच्या येण्याला हरकत नाही, असं. सोळाच्या सोळा आले की ती आली."

"सोळा घरांनी एका पोरीवर मत द्यायचं? कुत्रं पाळायला शेजाऱ्यांना विचारतात तसं?"

"शब्द फार कडक वापरतेस तू."

"आणि डकवर्थचं काय? त्याने फोटो काढला."

"तो आपला सभासद नाही ना. आपल्या नियमात बसत नाही."

"अकरा वर्षांची पोर बरोबर बसते. चाळिशीचा बाप्या बसत नाही. कसले नियम हो हे?"

व्हेरिटीबाईंनी चहा पुढे केला. बेरिलने तो घेतला नाही. लँकेशरमध्ये समोर आलेला चहा नाकारणं म्हणजे जवळपास थोबाडीत मारण्यासारखंच. दोन तास ती उठली नाही. संमतीपत्राचा हट्ट सुटेपर्यंत बसली, आणि टॅम्सिन शिबिराला येऊ शकते असं लेखी घेऊनच निघाली. बसमध्ये तिने देवाचे आभार मानले. थोडी घाईच केली.

कारण शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारी टॅम्सिन आईसोबत दारात आली. परवानगीचा कागद तिने वाचला होता. वाद घालणारी पोर, पण या वेळी वाद घातला नाही.

"मी नाही येत, बेरिलबाई."

"अगं, पण मिळाली ना परवानगी!"

"हो. पण मी शौचालयाला गेले की सगळ्या बघणार, कोण मोठी बाई उभी राहते का. कुणी उभी राहिली नाही तरी बघणार." मग म्हणाली, "मला तंबूत मजा करायची होती. शूरपणा नव्हता करायचा."

सत्तावीस वर्षं बेरिल मुलींना सांगत आली होती की कंदीलवाली कधी मागे हटत नाही. ते वाक्य आता तिला घशात अडकलेल्या केसासारखं वाटलं. ती एवढंच म्हणाली, "बरं, बाळा."

शिबिर झालं. सोळा मुलींचा काय दोष? ओढा होता, सॉसेज होते, पॉलीनच्या मेगने पडून गुडघा फोडून घेतला. फिलिपा मुकाट भांडी घासत होती. डोळे सुजलेले होते, पण बेरिलने विचारपूस केली नाही. रविवारी सकाळची प्रार्थना दरवर्षी बेरिल सांगायची. या वेळी 'या सुंदर दिवसासाठी, प्रभो' इथवर आली आणि तिने मेगला पुढे केलं.

दुपारी पाहुण्यांच्या वेळेला व्हेरिटीबाई आल्या. उन्हात खुर्ची टाकून बसल्या, ओटच्या वड्या खाल्ल्या, बोटं चाटून पुसली.

"कसं छान मिटलं की नाही, बेरिल! कुणाला काढावं लागलं नाही, कुणाला बोलावं लागलं नाही. मुलीने आपणहून समजूतदारपणा दाखवला."

आजूबाजूच्या चार-पाच आया माना डोलवू लागल्या. सगळ्यांचे चेहरे कसे हलके झाले होते. जेवणातली माशी कुणीतरी गुपचूप काढून टाकावी आणि सगळ्यांनी पुन्हा चमचे उचलावेत, तसे. बेरिलला किळस आली. डकवर्थ परवडला. त्याची घाण निदान दिसत तरी होती.

"मिटलं नाही," ती म्हणाली. "अकरा वर्षांची पोर आपल्यापासून जीव वाचवून पळाली. त्याला तुम्ही समजूतदारपणा म्हणताय."

"अगं, सगळ्यांसमोर—"

"सगळ्यांसमोरच वाटला होता ना तो कागद?"

मुलीला पथकातल्या मोठ्या माणसाकडून इजा झाली तर एका दिवसाच्या आत कळवायचं, हे पथक चालवणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. बेरिलने सत्तावीस वर्षांत तो अर्ज कधी भरला नव्हता, आणि याचा तिला अभिमान होता. सोमवारी तंबू वाळत घालून झाल्यावर ती टेबलाशी बसली. एका दिवसाची मुदत केव्हाच टळली होती. तेही तिने लिहिलं.

ॲलनने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "याने काय होणार? तुलाच काढतील."

"काढू देत."

"आणि ती पोर?"

"ती येईल की नाही ते ती ठरवेल. पण तिला कुणी इजा केली, हे कुठेतरी बरोबर रकान्यात लिहिलेलं असू दे."

'इजा कोणाकडून झाली' या शब्दांपुढे तीन ओळी मोकळ्या होत्या. तिसरीवर तिने व्हेरिटी लोमॅक्स लिहिलं, दुसरीवर फिलिपा क्रॉसडेल. मग पेन वर नेलं आणि पहिल्या ओळीवर सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत लिहिलं, बेरिल हिंडल.