थर्झाने उगारलेलं फावडं

थर्झा रेनने आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं एकत्र काम केलं. इंग्लंडातल्या डरहॅमकडचं आमचं गाव खाणकामगारांचं. दोनशे पोरांना रोज वाढताना तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. म्हणून तिच्यावर हल्ल्याचा खटला उभा राहिला, तेव्हा मला आधी हसूच फुटलं.

नवरा गेल्यावर थर्झाने त्याचा भाजीचा वाफा स्वतः कसायला घेतला आणि त्यात लीक लावले. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ. मनगटाहून जाड लीक पिकवणं ही आमच्याकडे पुरुषांची मिरवायची गोष्ट. गावच्या सप्टेंबरातल्या लीकच्या प्रदर्शनात तोवर एकाही बाईने नाव दिलं नव्हतं. थर्झाने दिलं. शेजारच्या वाफ्यात नॉर्मन कॉक्सन होता, खाणीतून निवृत्त झालेला, चार वेळा पहिला आलेला. त्याला चैन पडेना. एका सकाळी थर्झा आली तर हा तिच्या वाफ्यात गुडघे टेकून तिचे लीक टेपने मोजत बसलेला.

तिने फावडं खांद्याच्या वर उगारलं. "ऊठ नॉर्मन, नाहीतर तुलाच खत म्हणून पुरीन."

नॉर्मन उठून मागे सरला, तोल गेला आणि आपल्याच वाफ्यात पाठीवर पडला. त्याचे तीन सर्वांत मोठे लीक त्याच्याखाली चिरडले. ते पाहून त्याचं डोकं फिरलं, आणि तसाच चिखलाच्या कपड्यांनी तो पोलीस चौकीत गेला.

कोर्टात जायच्या आधी वकील थर्झाच्या घरी आला, मीही तिथे होते. थर्झाने विचारलं, "मी तर नॉर्मनला बोटही लावलं नाही, मग हल्ला कसला?" त्यावर वकिलाने शांतपणे समजावलं: कायद्याला साध्या हल्ल्यासाठी मार लागत नाही. आत्ता, या क्षणी आपल्याला मार बसणार, असं तुम्ही समोरच्याला जाणूनबुजून वाटायला लावलंत, तरी गुन्हा झाला.

थर्झा म्हणाली, "अहो, मग मी खरंच गुन्हेगार आहे की. मला त्याला घाबरवायचंच होतं."

"ते नका सांगू. आणि नुसतं तुमच्या मनात होतं, एवढ्याने भागत नाही. त्याला तसं वाटलं का, हेही लागतं."

कोर्टात निम्मं गाव लोटलं होतं. नॉर्मन लग्नातला कोट घालून साक्षीला उभा राहिला. फावडं किती उंच होतं, ती काय म्हणाली, सगळं त्याने खरं सांगितलं. मग थर्झाच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: ती फावडं मारणार, असं तुम्हाला वाटलं का?

नॉर्मनने सगळ्या गावाकडे नजर टाकली, मग थर्झाकडे.

"थर्झा मारणार? मला?" तो म्हणाला. "चाळीस वर्षं ओळखतो हिला. ही गोगलगाईसुद्धा उचलून कुंपणापलीकडे सोडते."

सरकारी वकील घाईने उठला. मग तुम्ही मागे का सरलात?

नॉर्मनचे कान लाल झाले. "पुढे सरलो असतो तर तिच्या लीकवर पाय पडला असता. जूनपासून जपलेत तिने. असं कोण करतं हो?"

मधल्या खुर्चीतल्या मॅजिस्ट्रेटबाईंनी हातरुमाल तोंडाला लावला. दोघा सहकाऱ्यांशी कुजबुजून त्यांनी सांगितलं की साक्षीदाराला मार बसेल असं वाटलंच नव्हतं, तेव्हा हल्लाही झालेला नाही, थर्झा रेन निर्दोष. त्यांनी दोघांनाही एकमेकांच्या वाफ्यापासून लांब राहायला बजावलं. ते कोणी मनावर घेतलं नाही.

परत जाताना बसमध्ये थर्झा मुद्दाम नॉर्मनशेजारी जाऊन बसली. मी मागच्या बाकावर होते. तिने त्याला विचारलं की तीन गेले, बाकीच्यांचं काय. त्याने नकारार्थी मान हलवली. प्रदर्शनात लीक जोडीने मांडतात, आणि त्याच्याकडे दाखवण्याजोगी जोडी उरली नव्हती. तिची जोडी मात्र सरस आहे, असं तो खिडकीकडे बघत पुटपुटला.

"मोजलेस ना? मग किती भरले ते तरी सांग."

त्याने प्रत्येकाचं माप तोंडपाठ सांगितलं. ती इतकी हसली की ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

प्रदर्शनात थर्झा दुसरी आली. पहिलं बक्षीस पलीकडच्या गावच्या एका माणसाने नेलं. परीक्षकाला लीकमधलं काही कळत नाही, यावर नॉर्मन आणि थर्झाचं त्या दिवशी पहिल्यांदा एकमत झालं. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे खाणकामगारांच्या क्लबमध्ये सगळ्या लीकचं सूप शिजलं. मोठा डाव थर्झाच्या हातात होता, आणि नॉर्मनच्या वाडग्यात तिने दोनदा वाढलं.