दिपोटींचा हौद

आमच्या घरात मी हुशार समजला जात असे, कारण माझे वडील शाळामास्तर होते. दुसरे काही कारण असल्याचे मला आठवत नाही. घरी ते माझे नाना आणि शाळेत मास्तर. वर्गात चुकून 'नाना' म्हटले की छडी बसे, आणि घरी चुकून 'मास्तर' म्हटले की आईला हसू येई.

शाळा लोकल बोर्डाची, नाशकातून स्टेशनाकडे जाणाऱ्या सडकेवर. वर्षातून एकदा शाळातपासनीस येत. त्यांना सगळे दिपोटी म्हणत, तोंडावर दिपोटीसाहेब. परीक्षा मुलांची असे आणि निकाल मास्तरांचा लागे. साहेब काय शेरा मारतात त्यावर मास्तर नाशकात राहणार की त्यांची पेठला बदली होणार, हे ठरे. पेठ म्हणजे डोंगरातले गाव. "तिथे हिवताप आहे नि भाजी नाही," आई म्हणे. दोहोंपैकी तिला जास्त धास्ती कशाची होती, हे मी कधी विचारले नाही.

मागल्या वर्षीचा शेरा होता, 'उत्तरे आहेत, रीत नाही.' हा शेरा सबंध वर्गाला मिळाला खरा, पण कमावला होता एकट्याने. तो टांगेवाल्याचा मुलगा. गणित सांगून संपते न संपते तोच तो पाटीवर नुसते उत्तर लिही, पाटी पालथी घाली आणि हाताची घडी घालून बसे. साहेबांना वाटले, कोणी तरी याला उत्तरे आधीच पुरवली आहेत. असा आणखी एक शेरा आला की पेठ, हे नानांना कळून चुकले. आईने तर त्या मुलाचा उल्लेख 'तो बिनरीतीचा' असाच करायला सुरुवात केली.

मग वर्षभर आम्ही रीत शिकलो. आंब्यांची रीत, मजुरांची रीत, हौदाची रीत. हौदाला वर नळ आणि खाली भोक असले की दोन अपूर्णांक मांडायचे, मोठ्यातून लहान वजा करायचा, उरेल तो उलटा करायचा, पुढे 'तास' लिहायचे. कोणी झोपेतून उठवले असते तरी वर्गाने हौद भरून दिला असता.

"उत्तर आल्यावर रीत कशाला, मास्तर?" टांगेवाल्याच्या मुलाने विचारले.

"उत्तर तुझ्यासाठी. रीत साहेबांसाठी."

शिवाय त्याला अशीही ताकीद होती, की मी पाटी पालथी घातल्याशिवाय त्याने घालायची नाही. मी पाटी पालथी घातली की मागे कोणी उरलेले नसे.

परीक्षेच्या सकाळी आईने नानांच्या हातावर दही घातले. माझ्याही घातले, पण अर्धे. साहेब आले, फेटा उतरवून टेबलावर ठेवला, आणि खिशातल्या कागदावरून एकेक गणित घालू लागले. शेवटचे हौदाचे. "एक हौद आहे. तो नळाने तीन तासांत भरतो. तळाच्या भोकाने दोन तासांत रिकामा होतो. दोन्ही उघडी ठेवल्यास हौद किती तासांत भरेल?"

साहेबांच्या तोंडून आकड्यांची अदलाबदल झाली होती. कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. मी अजून 'एक हौद आहे' लिहीत होतो.

सबंध वर्गाने रीतीने सहा तास काढले. साहेबांच्या कागदावरही सहाच होते. ते पाट्यांवर खडूने बरोबरच्या खुणा करत निघाले आणि नानांची मान वर्षभरात प्रथमच सरळ झाली. टांगेवाल्याच्या मुलापाशी साहेब थांबले. त्याने लिहिले होते, 'हौद भरणार नाही. रीत : भोक मोठे आहे.'

"ही रीत?"

"हो साहेब. मास्तर म्हणाले, रीत लिहायचीच."

साहेबांनी फुली मारली. "मास्तर, वर्ग उत्तम तयार केलात. या मुलाची आधीची गणितं पाहून मी याची शिष्यवृत्तीसाठी शिफारस करणार होतो, पण हे असलं लिहितो म्हटल्यावर कशी करू?" आणि शेरा लिहायला ते टेबलाकडे वळले.

नानांनी आता फक्त गप्प बसायचे होते. या कामात त्यांचा हात धरणारा नाशकात कोणी नव्हता, असे आई नेहमी सांगे. नाना खाकरले.

"साहेब, गणित पुन्हा एकदा वाचता का?"

"का? ऐकू आलं नाही?"

"आलं. म्हणून तर."

साहेबांनी कागद वाचला. मग मुलांच्या पाट्या वाचल्या. मग पुन्हा कागद.

"मी मुद्दामच तसं घातलं होतं," साहेब म्हणाले. "मुलं डोकं चालवतात की नुसती रीत, ते बघायला."

"होय साहेब," नाना म्हणाले.

मग साहेबांनी टांगेवाल्याच्या मुलाची फुली पुसली आणि ते पहिल्या पाटीपासून पुन्हा फुल्या मारत निघाले. बाकीच्यांत माझी पाटी तेवढी सुटली. तिच्यावर 'एक हौद आहे' एवढेच होते, आणि त्यात चूक काढता येत नव्हती. शालेय आयुष्यात याहून वर मी पुढेही कधी गेलो नाही.

शेरा पडला, 'एक मुलगा वगळता वर्ग केवळ रीतीवर चालतो. शिक्षकाने विचार करण्यास शिकवावे.' त्या एका मुलाची शिफारस झाली. नानांची पेठला बदली झाली.

निघायच्या दिवशी टांगेवाला दारात हजर. "मास्तरसाब, बैलगाडी पंचवटीपुढे उभी आहे. तिथवर माझा टांगा." मुलगा पुढे बापाशेजारी बसला होता. आम्ही मागे, मांडीवर गाठोडी.

नदी ओलांडल्यावर आई म्हणाली, "गप्प बसला असतात तर?"

"हौद भरला असता."

"भरू द्यायचा होता. आपल्या घरचा होता का तो?"

मुलगा मागे वळला. "मास्तर, पेठला पण रीत शिकवणार?"

नाना म्हणाले, "दिपोटी तिथेही येतात, बाबा."

"दिपोटी येतात नि भाजी येत नाही," आई म्हणाली. तिने वाटेसाठी बांधलेले फडके सोडले, त्यातला सगळ्यांत मोठा लाडू काढला आणि त्या बिनरीतीच्या मुलाच्या हातावर ठेवला. मी हात पुढे केला तेव्हा फडक्याची गाठ पुन्हा बसली होती.